आरोग्यचिंतन : प्लीहेची शस्त्रक्रिया, दुर्बिणीने की पोट उघडून?

निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. आयटीपी या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती त्यांनाच परके समजते आणि त्यांचा नाश मुख्यत्वे डाव्या बरगड्यांखालील प्लीहेत, म्हणजे पानथरीत होतो. अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते.

उपचाराचा आरंभ औषधांनीच होतो. काही रुग्णांत विकार आपोआप शमत असल्याने निदानानंतर निदान वर्षभर तरी शस्त्रक्रिया टाळावी, असा आजचा संकेत आहे. औषधे निष्फळ ठरली, तर प्लीहा काढण्याचा विचार होतो. हा उपाय १९१६ मध्ये प्राग येथे काझ्नेल्सन या वैद्यकीय विद्यार्थ्याने सुचविला व श्लोफर यांनी केला. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांना त्याचा दीर्घकाळ लाभ होतो.

अशा वेळी सातारा-सांगलीच्या कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो पद्धतीचा. दुर्बिणीची पद्धत १९९१ पासून रूढ होऊ लागली. तीत तीन-चार लहान छिद्रे पुरतात. वेदना कमी होतात, रुग्ण लवकर घरी येतो व पेढीवर लवकर बसू शकतो. उघड्या शस्त्रक्रियेत मोठा छेद असतो. पोती वा कापडाचे गठ्ठे उचलणे कित्येक आठवडे वर्ज्य ठरते. मात्र तिला वेळ कमी लागतो आणि प्लीहा फार वाढलेली असल्यास तीच सोयीची ठरते. आयटीपीत प्लीहा बहुधा फारशी वाढत नाही, म्हणून दुर्बिणीला येथे पसंती मिळते. प्लेटलेट्स वाढण्याचे फळ दोन्हींत सारखेच. रक्तस्राव झाल्यास शल्यविशारद दुर्बीण सोडून पोट उघडतात; तो पराभव नसून विवेक होय. म्हणून दुर्बिणीपेक्षा ती धरणाऱ्या हाताचा अनुभव आणि जवळची रक्तपेढी यांची चौकशी आधी करावी.

दोन्ही पद्धतींनंतर एक धोका मात्र समान व आजन्म राहतो. प्लीहेविना काही जंतूंचा संसर्ग काही तासांतच प्राणघातक होऊ शकतो. त्यासाठी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिमोफिलस यांच्या लसी शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे घ्याव्यात. नंतर थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. चौविहार आहे, सकाळी पाहू, असे म्हणणे जिवावर बेतू शकते. पच्चक्खाणात आगारांची तरतूद आहेच. ती गुरुमहाराजांकडून आधीच समजून घ्यावी. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर पर्युषणातील उपवासासाठीही त्या परस्पर बंद करू नयेत.

छेदाची खूण कालांतराने फिकी होते. तापाविषयीची जागरूकता मात्र घरातील प्रत्येकाने जन्मभर जपावी.