पोटातले लेकरू आणि फवारणीचे पाणी

पऱ्हाटीला पाते-फुले धरली की आपल्या जैनथ-बेला भागात पाठीवरचे पंप बाहेर निघतात. फवारतो गडीमाणूस, पण पाणी आणून ड्रमात ओतते ती बाई. पुष्कळदा विष कालवतेही तीच. दिवस गेलेले असले तरी ती येते, कारण रोज बुडवणे तिला परवडत नाही. गरोदर बाईला या कामाला लावणे आपण ख्रिस्ती शेतकऱ्यांनी बंद केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, तिथेच निम्मी फसगत होते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची विषे किडीला मारतात ती तिच्या मज्जातंतूंवर घाव घालून. एका मज्जातंतूचा निरोप पुढे पोचवायला एक रस पाझरतो. निरोप पोचताच तो रस मोडून टाकणारे एक विकर, म्हणजे डॉक्टर ज्याला एन्झाइम म्हणतात ते, तिथे तयार असते. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज. विष या विकराला बांधून टाकते. मग निरोप थांबतच नाही. अंग थरथरते, श्वास कोंडतो, कीड मरते. आता गोष्ट अशी की हेच विकर तुमच्या-माझ्या अंगातही आहे. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, ओकारी, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ही सगळी त्याचीच लक्षणे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात गेले. तिथे निरनिराळी विषे वापरात होती, पण या जातीची विषेही त्यांत होती.

मोठ्या माणसाचे दुखणे निदान दिसते. पोटातल्या लेकराचे दिसत नाही.

लेकराचा मेंदू घडताना प्रत्येक मज्जापेशी आपला तंतू लांबवत नेते. कारल्याचा वेल मांडव धरत जातो तसेच ते असते. वेलाचा शेंडा पुढे सरकतो, आधार चाचपतो, धरतो, पुन्हा सरकतो. मज्जातंतूचा मांडव पेशींभोवतीच्या प्रथिनांचा असतो. लॅमिनिन हे त्यांतले एक. शिवाय वाढीला खतासारखी लागणारी प्रथिने निराळी. त्यांतले पहिले इटलीच्या रीटा लेव्ही-मोंटालचिनी या बाईंनी शोधले. ज्यू म्हणून 1938 च्या कायद्याने त्यांचे विद्यापीठातले काम सुटले. तेव्हा त्यांनी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि शिवणाच्या सुया घासून कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम केले. पुढे अमेरिकेत त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी एका प्रयोगात सापाच्या विषातले विकर वापरले, तर मज्जातंतू उलट जोमाने वाढू लागले! त्या विषातच ते वाढीचे प्रथिन भरपूर होते. दोघांना 1986 साली नोबेल मिळाले. या बाई पोपमहाशयांच्या विज्ञान अकादमीच्याही सदस्य होत्या, हे आपल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल.

तर मुद्दा असा. आपले ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज गर्भात फार लवकर दिसू लागते. तंतू अजून कुठे जोडलेलाच नाही, पोचवायला निरोपच नाही, तरी वाढत्या मज्जापेशीत ते असते. तंतूला आधार धरून लांबायला ते मदत करते, असे प्रयोगांतून दिसते. प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जापेशींना क्लोरपायरीफॉस दिले तर तंतू आखूड राहतो. आणि हे काही उंदरांपुरते राहिलेले नाही. कॅलिफोर्नियातील सालिनास खोऱ्यात, बहुतेक मेक्सिकोहून आलेल्या शेतमजूर कुटुंबांतील आयांची गरोदरपणी तपासणी झाली होती. ज्यांच्या लघवीत या जातीच्या विषांचे अंश जास्त, त्यांची मुले सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचणीत मागे पडलेली दिसली. हे 2011 साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क शहरातल्या मुलांबद्दल क्लोरपायरीफॉसविषयी तसेच आढळले. त्या आयांपैकी कुणी झटका येऊन पडली नव्हती. आपली बाई मात्र उघड्या हाताने विष ढवळते.

कुणी म्हणेल, फवारले नाही तर कापूस घरात येत नाही. खरे आहे, आणि सगळी फवारणी थांबवा असे मी म्हणतही नाही. म्हणतो ते एवढेच की त्या दिवशी त्या बाईला दुसऱ्या शेतात निंदणाला लावा आणि रोज पुरता द्या. हा खर्च मालकाने सोसावा, तिने नव्हे. पंप धुवायला, रिकामे डबे गोळा करायला पोरांना पाठवू नका. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात घालू नका. ते धुतेही तीच. बाटल्या घरात, ज्वारीच्या कणगीशेजारी तर मुळीच नकोत. धर्मग्राम समितीने हंगामाआधी एका रविवारी मिस्सेनंतर जमीनवाल्या कुटुंबांकडून हे कबूल करून घ्यावे. कुणाला राग आला तर येऊ द्यावा.

फवारताना कुणाला मळमळ, घाम, धूसर दिसणे सुरू झाले तर काम तिथेच थांबवावे, कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुवावे, आणि ताक-लिंबूपाणी पाजत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर न्यावा. अ‍ॅट्रोपिन द्यायचे की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना तो लागतो. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगावे.