हस्तलिखिताला सनद हवी

कोल्हापूर, मिरज, पन्हाळा हा भाग दीर्घकाळ बहामनी आणि आदिलशाही अमलाखाली होता. त्यामुळे आपल्याकडच्या काही जुन्या घरांत आणि दर्ग्यांच्या मुजावरांकडे आजही हस्तलिखित कुरआन शरीफ, इनामाच्या सनदा किंवा दुआंचा एखादा तूमार निघतो. तूमार म्हणजे कागदाचे ताव एकाला एक चिकटवून केलेली लांब गुंडाळी. काही तूमारांत खत्ते-गुबार हे धुळीच्या कणाएवढे बारीक अक्षर असते. त्यात आयती अशा लिहिलेल्या असतात की लांबून पाहणाऱ्याला नुसती नक्षीच दिसावी.

अशा वस्तूच्या नशिबी बहुधा तीनच गोष्टी येतात. वाळवी खाते, कोणी अदबीने पंचगंगेत सोडतो, नाहीतर दलाल येऊन नेतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की यांपैकी काहीही होण्याआधी त्या वस्तूचा हिशेब लिहून काढा. ती कोणी लिहिली, कोणाकडून कोणाकडे आली आणि आपल्या घरात कधीपासून आहे?

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हदीस सांगणाऱ्याला आपले उलमा आधी सनद विचारत. तुला कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले? साखळीतली एक कडी तुटली तरी हदीसचा दर्जा उतरे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आहे आणि ती व्यापाऱ्यांच्या कामाची आहे. ठाणाभर कापडाला बिल मागणारे आम्ही, तीनशे वर्षांच्या कागदाला मात्र काहीच विचारत नाही.

हस्तलिखिताची सनद बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच असते. शेवटी तरकीमा असतो, त्यात कातिबाचे नाव आणि हिजरी साल सापडते. पहिल्या पानावर मालकांच्या मोहरा आणि ग्रंथालयाच्या तपासनिसांच्या नोंदी असतात. कुठे ‘वक्फ’ असा शब्द असतो. तो दिसला की विक्रीचा विषय संपला. वक्फची वस्तू मुजावराची नाही, मुतवल्लीचीही नाही. ती अमानत आहे.

या नोंदींचे मोल काय, ते शेजारच्या विजापुरात पाहावे. इब्राहीम आदिलशाह दुसरा (1580–1627) ग्रंथांचा मोठा शौकीन होता. 1686 मध्ये विजापूर औरंगजेबाने घेतले, तरी शाही ग्रंथालयाचा उरलेला भाग आसार महालात पडून होता. 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि विजापूरही कंपनी सरकारकडे गेले. 1853 मध्ये चारशेहून अधिक अरबी-फारसी हस्तलिखिते लंडनला कंपनीच्या ग्रंथालयात पोहोचली. ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. माल गेला, याचे दुःख आहेच. पण त्यांवरच्या मोहरा आणि नोंदी शाबूत राहिल्या, म्हणून ते ग्रंथ विजापूरचे हे आजही सिद्ध होते. आपल्या ट्रंकेतला तूमार उद्या बिननोंदीचा गेला, तर तो कोल्हापूरचा होता हे कोण सांगणार?

सनद नसली की खोट्या मालाला रान मोकळे मिळते. जुन्या कोऱ्या कागदावर नवे अक्षर काढणे, चहाच्या पाण्याने कागद पिवळा करणे, ‘खुद्द आलमगीरच्या हातचा’ म्हणून भाव चढवणे, हे प्रकार पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून खपवण्यासारखेच आहेत. मुळाचे मोल कोल्हापुरी चपलेने आपल्याला शिकवले आहे. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणूनच 2025 मध्ये प्राडा कंपनीने मिलानला तशी चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली, तेव्हा आपले कारागीर ठामपणे बोलू शकले.

कायदाही माहीत हवा. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचे हस्तलिखित हे पुरावशेष ठरते. ते खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. देशात त्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. चित्रे किंवा सोनेरी नक्षी असलेल्या हस्तलिखिताची पुरातत्त्व खात्याकडे नोंद करावी लागते. म्हणून ‘दुबईचे गिऱ्हाईक आहे, बिल नको’ असे म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच सलाम करावा. तो भाव सांगतो, जोखीम मात्र आपल्या गळ्यात घालतो.

करायचे काम थोडे आहे. गुंडाळी कडक झाली असेल तर जबरदस्तीने उलगडू नये. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. जेवढे सहज उघडते तेवढ्याचे फोटो काढावेत. लांबी-रुंदी, मोहरा, तरकीमा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते ते सारे तारीख घालून लिहावे आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. उर्दू-फारसी वाचणारी आमची पिढी अजून आहे. पुढची मुले ती अक्षरे किती वाचतील, सांगता येत नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चा महापूर आपण पाहिला. काजळीची शाई पाण्याने विरघळते. ट्रंक पोटमाळ्यावर हलवायला एक तास पुरतो, पण धुतलेले अक्षर परत येत नाही.

आमची सूचना अशी की प्रत्येक जमातीने मशिदीच्या हिशेबाच्या वहीबरोबर अशा वस्तूंचीही एक वही ठेवावी. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगसारख्या जागेत तिची एक नक्कल राहावी. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहू द्या, नोंद मात्र सर्वांची असू द्या. कोणाला गरजेपोटी विकावेच लागले, तर आधी एखाद्या सरकारी ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला विचारावे आणि रीतसर पावतीने द्यावे. हलाल व्यवहाराला लपवाछपवी लागत नाही.