इन्व्हर्टर घ्यायचाय? दुकानात जाण्याआधी दहा मिनिटे हे गणित करा

मे महिन्यातल्या रात्री पंखा थांबला की घरात एकच वाक्य ऐकू येते : 'आता इन्व्हर्टर घेऊनच टाकू.' दुसऱ्या दिवशी दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती खोल्या?' आणि त्या एका उत्तरावर वीस-पंचवीस हजारांची खरेदी ठरते. खोल्या मोजून इन्व्हर्टर ठरत नाही. लाइट किती वेळ जाते, त्या वेळात काय चालवायचे आणि पुन्हा चार्जिंगला किती वेळ मिळतो, या तीन गोष्टींवर तो ठरतो. हे गणित नववी-दहावीच्या विज्ञानापलीकडचे नाही. ते केले नाही तर एक तर पैसे वाया जातात, नाही तर नेमक्या वेळी अंधार होतो.

मुळात इन्व्हर्टरची गरज आहे का?

महिन्यातून दोन-तीनदा तासभर लाइट जात असेल आणि अडचण फक्त घरून काम करण्याची असेल, तर पूर्ण इन्व्हर्टर घेण्याची गरज नाही. वाय-फाय राउटरला साधारण १० वॅट लागतात. त्यासाठी छोटा राउटर यूपीएस आणि दोन रिचार्जेबल बल्ब पुरतात. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असतेच.

तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात रोज दोन-तीन तास लाइट जात असेल, घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील, तर इन्व्हर्टर ही चैन राहत नाही. विदर्भात पारा ४५ अंशांवर असताना पंखा बंद राहणे तब्येतीवर बेतू शकते.

तिसरी परिस्थिती कोकण किनाऱ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे कित्येक दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे अंधारात होती. अशा वेळी कितीही मोठी बॅटरी पहिल्या-दुसऱ्या दिवशी संपते. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, साठवलेली परत देतो. लाइटच आली नाही तर तो भरणार कशाने? अशा भागात सोलर पॅनल जोडता येईल असाच इन्व्हर्टर पाहावा.

लोड कसा मोजायचा?

लाइट गेल्यावर खरोखर काय चालू राहायला हवे, याची यादी करा. जुना सिलिंग फॅन साधारण ७५ वॅट घेतो. एलईडी बल्ब ९, राउटर १० आणि ३२ इंची टीव्ही सुमारे ५० वॅट. म्हणजे तीन पंखे, पाच बल्ब, राउटर आणि टीव्ही मिळून ३३० वॅट झाले.

हे तीन तास चालवायचे तर ३३० गुणिले ३, म्हणजे ९९० वॅट-तास लागतील. बॅटरीतली वीज घरच्या २३० व्होल्टमध्ये बदलताना काही भाग उष्णता होऊन जातो. सुमारे २० टक्के घट धरली, तर बॅटरीतून जवळपास १,२४० वॅट-तास काढावे लागतील.

आता बॅटरी. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. पण लेड-अॅसिड बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते. जास्तीत जास्त ७० टक्के वापर धरला, तर १,२६० वॅट-तास हाती येतात. म्हणजे वरचा लोड नव्या बॅटरीवर जेमतेम तीन तास चालेल. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली की त्याहून कमी.

गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, एसी, पाण्याची मोटर आणि घरघंटी या यादीत नकोत. दोन हजार वॅटचा गीझर या बॅटरीला अर्ध्या तासात झोपवेल, मुळात छोटा इन्व्हर्टर तो उचलणारच नाही. मोटर आणि घरघंटी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात. फ्रिजचेही तसेच. मात्र दार बंद ठेवले तर फ्रिजमधले अन्न साधारण चार तास चांगले राहते. त्यामुळे दोन-तीन तासांसाठी फ्रिज इन्व्हर्टरवर घेण्याचे कारण नाही.

मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे का बदलावेत?

वरच्या यादीत ३३० पैकी २२५ वॅट एकटे पंखे खातात. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. तिन्ही पंखे बदलले तर लोड ३३० वरून १९५ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी तीनऐवजी पाच तासांच्या आसपास चालते. दुसरी बॅटरी घेतली तर ती चार-पाच वर्षांनी पुन्हा विकत घ्यावी लागेल. पंखे मात्र लाइट असतानाही रोज बिल वाचवतील. दुकानदार हे सहसा सांगत नाही, कारण त्याला बॅटरी विकायची असते.

खोक्यावरचे 'व्हीए' म्हणजे किती वॅट?

९०० व्हीएचा इन्व्हर्टर ९०० वॅट देत नाही. साधारण ७० ते ८० टक्के, म्हणजे ६३० ते ७२० वॅट धरा. आकडा मॉडेलनुसार बदलतो, म्हणून खोक्यावर वॅटमध्ये छापलेला आकडाच पाहा. आपल्या ३३० वॅटच्या लोडला ७०० ते ९०० व्हीएचा इन्व्हर्टर निवांत पुरतो. हे लक्षात ठेवा : इन्व्हर्टरचा आकडा एका वेळी किती उपकरणे चालतील ते सांगतो. ती किती वेळ चालतील हे बॅटरी ठरवते. मोठा इन्व्हर्टर आणि लहान बॅटरी ही जोडी म्हणजे मोठी तोटी आणि लहान टाकी.

'प्युअर साइन वेव्ह' लिहिलेलाच इन्व्हर्टर घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर पंखे घरघरतात, मोटरी तापतात आणि नाजूक उपकरणांचे आयुष्य कमी होते.

लेड-अॅसिड की लिथियम?

उंच ट्यूब्युलर लेड-अॅसिड बॅटरी आजही सर्वाधिक दिसते. ती स्वस्त आहे, गावोगाव दुरुस्त करणारा मिळतो आणि जुनी बॅटरी परत देताना किमतीत सूट मिळते. पण तिला वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी लागते. नळाचे किंवा फिल्टरचे पाणी चालत नाही. तिला उष्णताही सोसत नाही. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या बंद बाल्कनीत ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर 'बसते'.

घरगुती इन्व्हर्टरसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी येते. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा ती तापण्याच्या बाबतीत अधिक स्थिर आहे. पाणी घालावे लागत नाही, वजन कमी, चार्जिंग जलद. रोज ८० टक्के रिकामी केली तरी ती हजारो वेळा चार्ज होऊ शकते. १०० एएचची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्टला १,२८० वॅट-तासांची असते. त्यातले ८० टक्के म्हणजे सुमारे १,०२०. १५० एएचची लेड बॅटरी रोजच्या वापरात निम्मीच रिकामी करायची ठरवली, तर तिच्यातून ९०० मिळतात. थोडक्यात, रोजच्या वापरात १०० ची लिथियम १५० च्या लेड बॅटरीची जागा घेऊ शकते. नुसत्या एएचच्या आकड्यावर दोघींची तुलना करू नका.

मग निवड कशी करायची? लाइट महिन्यातून चार-पाचदा जात असेल तर लिथियमचे जास्त पैसे वसूल होणे अवघड आहे, ट्यूब्युलर पुरे. रोज जात असेल, त्यातही सकाळ-संध्याकाळ दोनदा, तर लिथियमचा विचार करा. कारण १५० एएचची लेड बॅटरी १२ ते १५ अँपिअरच्या चार्जरवर पूर्ण भरायला दहा-बारा तास घेते. दोन खंडांमधे तेवढा वेळ मिळाला नाही तर ती कायम अर्धपोटी राहते आणि लवकर निकामी होते. जुन्या इन्व्हर्टरला मात्र लिथियम बॅटरी थेट जोडू नका. दोघींचे चार्जिंग वेगळे असते. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय आहे का, हे आधी पाहा.

दुकानात कोणते प्रश्न विचारायचे?

पहिला, एएचचा आकडा सी-१० चा की सी-२० चा? सी-२० म्हणजे बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी करून मोजलेली क्षमता. घरात आपण ती तीन-चार तासांत संपवतो, तेव्हा प्रत्यक्षात कमी मिळते. त्यामुळे आकडा सारखाच असेल तर सी-१० ची बॅटरी सरस.

दुसरा, '३६ अधिक २४ महिने' अशा वॉरंटीत नेमके काय आहे? पहिल्या भागात सहसा बॅटरी मोफत बदलून मिळते, दुसऱ्या भागात फक्त नव्या बॅटरीच्या किमतीवर सूट. पाच वर्षे ऐकून पाच वर्षे समजू नका. तारीख आणि अनुक्रमांक असलेले बिल घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

तिसरा, चार्जिंग करंट किती? आणि चौथा, जुनी बॅटरी कोण घेणार? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी फोडून शिसे काढणाऱ्याला ती देऊ नका. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

छतावर सोलर आहे, मग इन्व्हर्टर कशाला?

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटच्या घरगुती सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने अनेकांनी पॅनल बसवले. त्यातल्या अनेकांचा समज असतो की आता लाइट गेली तरी घर चालू राहील. ग्रिडला जोडलेले साधे सोलर लाइट जाताच स्वतःहून बंद होते, भर दुपारीसुद्धा. हा दोष नाही, सुरक्षेची सोय आहे : खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. लाइट गेल्यावरही सोलर हवे असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो हवा की नको, हे पॅनल बसवण्याआधीच ठरवा.

बसवताना काय जपायचे?

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून इन्व्हर्टर किंवा जनरेटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडण्याचा 'जुगाड' कधीही करू नका. वीज उलटी डीपीपर्यंत गेली तर तिथे २३० व्होल्टचे ११ हजार होऊ शकतात. लाइन बंद आहे असे समजून चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

लेड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तिला हवेशीर जागा द्या. देवघराजवळ, गॅसजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नका. १२ व्होल्टच्या बाजूला मोठा करंट वाहतो, ७०० वॅटच्या लोडला जवळपास ७० अँपिअर. म्हणून बॅटरीची केबल जाड आणि आखूड हवी, टर्मिनल घट्ट हवेत. ढिल्या टर्मिनलवर ठिणगी पडते.

घरात रुग्ण असेल तर?

पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. १५० एएचच्या लेड बॅटरीवर तो एकटा चालवला तरी तीन तासांच्या आत बॅटरी संपेल. अशा घरात इन्व्हर्टर हा पहिला आधार असावा, एकमेव नको. भरलेला सिलिंडर हाताशी हवाच.

आणि महावितरणची जबाबदारी?

इन्व्हर्टर आला की आपण तक्रार करणे सोडतो. इथेच खरी गफलत आहे. बॅटरी भरताना आणि वापरताना होणारी घट पाहता, इन्व्हर्टरमधून मिळालेल्या एका युनिटसाठी मीटरवर दीड युनिटच्या आसपास मोजले जाते. म्हणजे न मिळालेल्या सेवेसाठी ग्राहक आधी यंत्र विकत घेतो, मग बिलही जास्त भरतो. आणि ज्या घराला ते परवडत नाही, ते अंधारातच बसते. आवाज करू शकणारी घरे गप्प झाली की त्या घराचा आवाजही ऐकू येत नाही.

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० ने अखंड वीज हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या सेवा मानकांनुसार ठरावीक वेळेत वीज पूर्ववत झाली नाही तर भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी नोंद लागते. लाइट गेली की १९१२ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. एकाच फीडरवरच्या दहा घरांनी महिनाभराची अशी वही घेऊन उपविभागीय कार्यालयात जावे. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

इन्व्हर्टर जरूर घ्या, गणित करून घ्या. पण तो घरात आला म्हणून १९१२ विसरू नका.