फेरपालट कुलाची हवी

रब्बीचे नियोजन करताना भाजीपाल्याची विभागणी आपण खाण्याच्या भागावरून करतो. कोबी, फुलकोबी, नवलकोल हे एका गटात. मुळा, गाजर, बीट मूळवर्गीय. मोहरी गळितात जाते आणि वाफ्याच्या कडेचा अळीव तर कुणी मोजतही नाही. बाजारासाठी, खताच्या मात्रेसाठी ही विभागणी सोयीची आहे, तिला आमची हरकत नाही. घोटाळा होतो तो तिच्यावर फेरपालट ठरवली की. फुलकोबी काढून त्याच वाफ्यात मुळा टाकणारा शेतकरी पीक बदलल्याच्या समाधानात असतो, पण फुलकोबीही मोहरी कुलातली आणि मुळाही. गाजर टाकले असते तर कुल बदलले असते.

मुळा आणि कोबी एका घरातले, हे पटायला शेतातच पुरावा आहे. बियाण्यासाठी राखलेला मुळा आणि बांधावरची मोहरी फुलावर आली की दोन्हींचे फूल उकलून पाहावे. चार पाकळ्या फुलीसारख्या, पुंकेसर सहा, त्यांतले चार उंच आणि बाहेरचे दोन आखूड. लिनियसने १७५३ मध्ये या चार उंच पुंकेसरांवरूनच या वनस्पतींचा स्वतंत्र वर्ग केला होता. शंका येते ती शेंगेपाशी. मोहरीची वाळलेली शेंग बुडाकडून उकलते, दोन्ही शकले गळून पडतात आणि मधला पातळ पडदा चौकटीसह देठावर उभा राहतो. मुळ्याची डिंगरी मात्र गुबगुबीत, आतून भुसभुशीत. ती तडकत नाही. अळिवाची शेंग तर इवलीशी चपटी, दोन बियांची. मग ही सगळी एकच कशी? लिनियसनेही लांब आणि आखूड शेंगांचे दोन पोटविभाग केले होते. पण डीएनएच्या अभ्यासातून दिसले, की या कुलात शेंगेचा आकार वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे, पुन्हापुन्हा बदलला आहे. म्हणजे शेंगेवरून जात ओळखावी, पण केवळ तिच्यावरून नाते तोडू नये. १९२० च्या दशकात रशियात कार्पेचेंको यांनी मुळा आणि कोबी यांचा संकर केला. दोन्हींत गुणसूत्रांच्या नऊ-नऊ जोड्या. संकरित झाडे बहुतेक वांझ निघाली, तरी त्यांच्यावर जे थोडे बी धरले त्यातून छत्तीस गुणसूत्रांची फलनक्षम झाडे मिळाली. शेंगेचा एक भाग कोबीचा, दुसरा मुळ्याचा! भाजी म्हणून या झाडाचा काही उपयोग झाला नाही, पण नात्याचा याहून बोलका पुरावा शोधून मिळणार नाही.

या नात्याची किंमत शेतकरी मोजतो ती किडीत आणि रोगात. मोहरी वाटली की जो झणका येतो तो ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त द्रव्यांचा. ती आणि त्यांना फोडणारे विकर पेशींत वेगवेगळे साठवलेले असतात. पान चावले की एकत्र येतात आणि बहुतेक किडी मागे फिरतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने मात्र हे अस्त्र बोथट करणारे विकर कमावले आहे, आणि तिच्या मादीला तोच वास अंडी घालण्याचा पत्ता सांगतो. घाण्या रोगाचा जिवाणूही पानाच्या कडेकडून आत शिरतो, तो कोबी, मुळा, मोहरी असा भेद करीत नाही.

यावर हुशार वाचक विचारील, की मग कोबीत मोहरीच्या ओळी लावण्याची शिफारस का? बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची ती शिफारस प्रसिद्धच आहे: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन, एक लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी २५ दिवसांनी. ती नात्याच्या विरोधात नाही, नात्यावरच उभी आहे. मोहरी तिथे सापळा असते. त्या ओळींतली कीड वेळच्या वेळी मारली नाही, तर तोच सापळा किडीचे कोठार होतो.

दुसरा आक्षेप वर्गीकरणावरच असतो: शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, तर आम्ही काय धरून चालायचे? १९९८ च्या वर्गीकरणात तिळवण आणि आषाढी द्वादशीची वाघाटीसुद्धा मोहरी कुलात घातली गेली, २००९ च्या सुधारणेत ती पुन्हा वेगळी निघाली, हे खरे आहे. पण वाद कुंपणावरचा आहे. तिळवणीची पाने पंजासारखी आणि शेंगेत मधला पडदा नाही, म्हणून ती कधी आत तर कधी बाहेर. कोबी, मुळा, मोहरी या उलथापालथीत एकदाही हललेली नाहीत. कुलाच्याही वर जाऊन शेवगा आणि पपईत तीच तिखट द्रव्ये सापडतात, म्हणून त्यांनाही टाळा असे कुणी म्हणू लागले तर तो अतिरेक होईल. फेरपालटीसाठी कुलाची पातळी पुरे.

एकरभर रान असलेल्याला हे कसे जमायचे, हा प्रश्न सर्वांत रास्त आहे. नुसत्या फेरपालटीने भागत नाही, हेही मान्य. घाण्या रोग बियाण्यातून येतो आणि कुजायचे राहिलेल्या पाल्यात टिकून राहतो. म्हणून कोबीची खोडके काढणीनंतर रानात उभी सोडू नयेत. त्या वाफ्यात पुढे कांदा, हरभरा, मेथी, गाजर यांपैकी परवडेल ते घ्यावे, त्यातल्या त्यात हरभऱ्याचा बेवड उत्तम. मुळा घ्यायचाच असेल तर दोन वर्षे तरी तो दुसऱ्या तुकड्यात न्यावा, आणि वहीत पिकाच्या नावापुढे कुलाचा एक रकाना आखावा.