वऱ्हाडचें ऊन आणि धातूची खिडकी

मूर्तिजापुराहून एका वाचकभगिनींनीं आम्हांस पत्र पाठविलें आहे. त्यांच्या घरीं तीन पिढ्यांचें एकत्र कुटुंब नांदतें. वाड्याच्या पश्चिमेकडील माडीची दुरुस्ती करतांना जुन्या सागवानी खिडक्या काढून तेथें गडद तपकिरी रंगाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविण्यांत आल्या. पहिल्याच वैशाखांत असें दिसून आलें कीं, सकाळीं एका बोटानें सरकणारी खिडकी दुपारीं तीन वाजतां दोघांच्या जोरानेंहि हलत नाहीं. चौकटीच्या कडेनें गिलाव्यास चीर पडली. मृगाचा पाऊस त्या चिरेंतून आंत आला. आणि पुढें एके दिवशीं कोणीं दगड मारला नसतां एक काच कडेपासून तडकली. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "हें धातूचें खूळच नको, पुन्हां लांकूड बसवा." धाकटे म्हणतात, "खिडक्या कच्च्या बसल्या आहेत, आणखी स्क्रू मारून घट्ट करा." या भगिनींचा प्रश्न असा कीं, दोघांपैकीं कोणाचें ऐकावें?

आमच्या मतें कोणाचेंच ऐकूं नये. दोष धातूचा नव्हे, आणि खिडकी सैल बसली आहे असेंहि नव्हे. ती फार घट्ट बसली आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असें कोणीं समजूं नये. वऱ्हाडांत उन्हाळ्याचा सारा दिनक्रम खिडकीच्या उघडझापीवर चालतो. सकाळीं ऊन चढूं लागलें कीं खिडक्या मिटून, पडदे सोडून दिवसभर झळ बाहेर ठेवावयाची. आणि दिवस मावळून वारा फिरला कीं त्या सताड उघडून भिंतींत सांठलेली उष्णता रात्रभर बाहेर जाऊं द्यावयाची. दुपारीं अर्धवट उघडी अडकलेली खिडकी घर तापविते, आणि सायंकाळीं मिटलेली अडकली तर घर निवत नाहीं. ज्या घरांत वृद्ध माणसें, बाळंतीण किंवा तान्हें मूल आहे, तेथें रात्रीं घर न निवणें हा प्रकृतीचा प्रश्न होतो. दिवसाच्या तापानंतर शरीरास रात्रीची उसंत न मिळाली म्हणजे उष्माघाताचें भय वाढतें.

उष्णतेनें पदार्थ वाढतात हें आपण शाळेंत घोकतों. आपल्याकडील लोहारास तें पुस्तकावांचून ठाऊक होतें. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवावयाची असे, तेव्हां तो ती चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करी. गोवऱ्यांच्या जाळांत ती खूप तापवून वाढवी, वाढलेली धांव चाकावर उतरवी आणि लगेच वरून पाणी ओती. निवतांना ती अशी आवळे कीं, चाकाचे सर्व लांकडी भाग एकजीव होऊन जात. येथें लोहारानें धातूच्या आकुंचनाचा उपयोग करून घेतला. खिडकीच्या बाबतींत नेमकें तेंच बळ आपण नकळत भिंतीशीं झगडावयास लावतों.

मूर्तिजापूरकरांस दुसरें उदाहरण स्टेशनावरच सांपडेल. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोंचला, त्याच वाटेवरचें हें जंक्शन. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत येथून यवतमाळकडे व अचलपूरकडे अडीच फूट रुंदीचे दोन फांटे निघाले. त्यांवरील गाडीस लोकांनीं प्रेमानें 'शकुंतला' म्हटलें. ती गाडी आतां बंद आहे. परंतु तिच्या चाकांची खटखट ज्यांनीं ऐकली आहे त्यांना ती अजून आठवत असेल. रुळाच्या दोन तुकड्यांमध्यें मुद्दाम ठेवलेल्या फटीवरून चाक जातांना तो आवाज होई. १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ ५० अंश सेल्सिअसनें तापला म्हणजे सुमारें ८ मिलिमीटर वाढतो. ही वाढ सामावण्यासाठीं फट असते, आणि रुळांची टोकें जोडणाऱ्या पट्ट्यांच्या बोल्टांकरितां पाडलेलीं भोंकें बोल्टापेक्षां मोठीं असतात. त्यामुळें सांधा तुटत नाहीं आणि रूळहि थोडासा सरकूं शकतो.

आज मुख्य मार्गावर रूळ लांबच लांब सांधून टाकतात, फटी दिसत नाहींत. म्हणून तेथें वाढण्याचा जोर नाहींसा झाला असें नाहीं. सिमेंटचे जड स्लीपर, पोलादी पकडी आणि खडीचा थर यांच्या बळावर तो दाबून धरलेला असतो, आणि रूळ कोणत्या उष्णमानास जखडावयाचा हें आधीं ठरविलेलें असतें. तात्पर्य, तापणाऱ्या धातूला एक तर जागा द्यावी, नाहीं तर त्यास पुरून उरेल इतकी ताकद उभी करावी. गिलाव्याच्या अंगांत ती ताकद नाहीं. म्हणून खिडकीस जागा दिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

जागा किती, हें आतां हिशेबानें पाहूं. दीड मीटर रुंदीची खिडकी घ्या. थंडींतील पहांटे मूर्तिजापुरांत धातु १० अंशांपर्यंत निवतो. वैशाखांत हवेचा पारा ४३ ते ४५ अंशांवर असला, तरी पश्चिमेचें ऊन खाणारी गडद रंगाची चौकट ६५ ते ७० अंशांपर्यंत तापूं शकते. म्हणजे वर्षाकांठीं फरक ६० अंशांचा. तेवढ्या फरकानें दीड मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारें २ मिलिमीटर वाढतें. पोलाद १ मिलिमीटरच्या थोडें वर. काच पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आणि विटेची भिंत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. भिंत जाड असल्यामुळें प्रत्यक्षांत तितकी तापतहि नाहीं, म्हणून तिची वाढ आणखी थोडी. हल्लीं प्लास्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या खिडक्या पुष्कळ निघाल्या आहेत. त्या उष्णतेच्या प्रत्येक अंशास अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारें तिप्पट वाढतात, हेंहि येथेंच नमूद करून ठेवतों.

सुताराचें एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारें ३ मिलिमीटर. पाऊण सुताहूनहि कमी अशा वाढीनें काय होणार, असें कोणास वाटेल. परंतु दोन्ही टोकें जखडलेली दीड मीटरची पट्टी केवळ १ मिलिमीटर वाढली आणि ती सर्व वाढ वांकण्यांत गेली, तर पट्टीस मध्यभागीं सुमारें २४ मिलिमीटर फुगवटा येतो. हें भूमितीचें साधें गणित आहे. मधल्या स्क्रूंनीं तो फुगवटा पूर्ण येऊं दिला नाहीं, तरी सरकती झडप अडकावयास त्याचा दहावा हिस्सा पुरे होतो. आणि वांकूंच दिलें नाहीं तर? ५० अंशांनीं तापलेलें व दोन्ही टोकांस अजिबात हलूं न दिलेलें अ‍ॅल्युमिनियम आपल्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागें सुमारें ८०० किलो भाराइतका दाब देतें. पोलाद सुमारें १२०० किलो. गिलाव्यानें त्यापुढें टिकाव धरावा ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणखी स्क्रू मारण्याचा उपाय म्हणूनच उलटा. जितकें अधिक जखडावें तितकें धातु भिंतीस अधिक रेटतो.

जुन्या लोखंडी खिडक्यांचा असा त्रास कमी असे, याचें कारणहि यांतच आहे. पोलाद आणि काँक्रीट हीं जवळ जवळ सारख्याच प्रमाणानें वाढतात; म्हणून तर सळ्या घातलेली स्लॅब उन्हांत फुटत नाहीं. अ‍ॅल्युमिनियमची वाढ पोलादाच्या दुप्पट. लोखंडी खिडकी बसविणाऱ्या मिस्त्रीनें तीच रीत अ‍ॅल्युमिनियमला लावली, कीं घोटाळा होतो. धातूच्या खिडक्यांचा मोठा व्यवहार इंग्लंडांत सुरू झाला. तेथील क्रिटॉल यांनीं १८८४ पासून त्या बनविण्यास आरंभ केला. परंतु तेथील उन्हाळा आणि वऱ्हाडचा उन्हाळा यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. आपल्या देशांत धातूच्या खिडक्या बसविण्याविषयींची संहिता (आय. एस. १०८१) १९६० सालीं व अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचें मानक (आय. एस. १९४८) १९६१ सालीं निघालें. घर बांधणाऱ्यानें आपल्या कंत्राटदारास हीं दोन नांवें ऐकविलीं, तरी काम अधिक जपून होतें असा अनुभव येईल.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय फटीचा. चौकट आणि भिंत यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस ५ ते ६ मिलिमीटर, म्हणजे जवळ जवळ दोन सूत, जागा ठेवावी. ही जागा सिमेंटनें भरूं नये. आंत फोमची गोल दोरी दाबून बसवावी व तीवर रबरासारखें लवचिक राहणारें चांगल्या प्रतीचें सीलंट भरावें. २५ टक्के ताण व तितकाच दाब सोसणारें सीलंट ५ मिलिमीटरच्या फटींत सव्वा मिलिमीटर हालचाल सोसतें, आणि आपल्या खिडकीची गरज एका बाजूस सुमारें १ मिलिमीटरची आहे. खिडकी तीन मीटर रुंद असेल तर फटहि दुप्पट हवी, किंवा खिडकीचे दोन भाग करून मधल्या सांध्यांतच सरकण्यास वाव ठेवावा. ओलें सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातें, म्हणून या दोहोंमध्यें चिकटपट्टी किंवा डांबरी रंगाचा थर असणें हेंहि अगत्याचें आहे.

दुसरा उपाय पकडीचा. आडव्या पट्टीस मध्यभागीं एक स्क्रू पक्का करावा. टोकांकडील स्क्रूंकरितां लांबट भोंकें पाडावीं, म्हणजे पट्टी मध्यापासून दोन्हीकडे सरकूं शकेल. रुळाच्या जोडपट्टीची युक्ति ती हीच. उभ्या पट्ट्यांसहि हाच नियम. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे असावे. साधा लोखंडी स्क्रू ओलाव्यांत अ‍ॅल्युमिनियमशीं लागून राहिला कीं दोन धातूंच्या संगतीनें गंज लौकर धरतो.

तिसरी गोष्ट मुहूर्ताची, आणि ती बहुतेक सर्वजण विसरतात. चौकट कोणत्या ऋतूंत व कोणत्या प्रहरीं बसविली यावर फटीचें माप अवलंबून आहे. पौषांतील पहांटे बसविली तर ती अगदीं आखडलेली असते, पुढें तिला फक्त वाढावयाचेंच आहे; तेव्हां फट भरपूर ठेवावी. वैशाखांतील दुपारीं बसविली तर ती आधींच वाढलेली असते. पुढें थंडींत ती आखडून सीलंट ताणलें जाईल. कार्तिक किंवा फाल्गुन महिन्यांत, सकाळीं दहाच्या सुमारास काम केलें म्हणजे दोन्ही टोकांचा मध्य साधतो.

चौथी गोष्ट काचेची. काच धातूस कोठेंहि टेकूं नये. खालीं रबराचे ठोकळे, चारी बाजूंस निदान ३ मिलिमीटर मोकळीक आणि कडेस रबरी पट्टी असावी. तापलेली चौकट थंडींत आखडतांना काचेपेक्षां अधिक आखडते व घट्ट बसविलेल्या काचेस चिमटा घेते. त्यांतच काचेचा मध्य उन्हांत तापलेला आणि कडा चौकटीच्या सावलींत थंड, अशी ओढाताण होऊन कडेवरील बारीकशा खांचेपासून तडा जातो. म्हणून काचेच्या कडा घांसून घ्याव्या, आणि पश्चिमेस शक्यतों टफन्ड काच घालावी. उन्हाळ्यांत वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतांना तें तापलेल्या काचेवर उडणार नाहीं अशी मुलांस ताकीद द्यावी.

शेवटची गोष्ट रंगाची व सावलीची. पांढरा किंवा फिकट रंग दिलेली चौकट गडद चौकटीहून बरीच कमी तापते. जितकी कमी तापेल तितकी कमी वाढेल. पश्चिमेचें ऊन तिरपें येतें, त्यास केवळ छज्जा पुरत नाहीं. बाहेरून चीक किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. पडदा काचेच्या आंत असला तर खोलींत अंधार होतो, पण चौकट तापावयाची ती तापतेच.

आतां या भगिनींनीं काय करावें? प्रथम परीक्षा करावी. खिडकी सकाळीं सहज सरकते व दुपारीं अडकते, तर कारण उष्णता. दोन्ही वेळां सारखीच अडकते, तर खालच्या खोबणींतील धूळ किंवा झिजलेलीं चाकें पाहावीं. पत्रावरून कारण उष्णतेचेंच दिसतें. नव्या खिडक्या घेण्याचें कारण नाहीं. चौकटीच्या कडेचें सिमेंट मिस्त्रीकडून हलक्या हातानें कोरून काढावें, टोकांचे स्क्रू काढून त्यांचीं भोंकें लांबट करावीं, फटींत फोमची दोरी व सीलंट भरावें आणि तडकलेली काच मोकळीक ठेवून नवी बसवावी. हें काम मृगापूर्वीं उरकावें. कारण उन्हाळ्यांत पडलेली चीर पावसाळ्यांत भिंतीचा ओलावा बनते, आणि ओलावा एकदां मुरला कीं त्याचा खर्च खिडकीपेक्षां मोठा होतो.

वडील मंडळींसहि एक सांगणें आहे. सागवान उष्णतेनें फारसें वाढत नाहीं हें खरें. म्हणूनच जुन्या खिडक्या वैशाखांत मुकाट्यानें चालत. परंतु लांकूड पावसांत ओलावा पिऊन फुगतें, आणि श्रावणांत दार चिकटतें तें त्यामुळेंच. सुतार हें ओळखून झडपेस थोडी सूट ठेवीत असे. लांकडाचा शत्रु पाऊस, धातूचा शत्रु ऊन. दोहोंसहि ऋतुमानाप्रमाणें हालण्यास जागा लागते. जुन्या सुतारानें लांकडास जी सूट दिली, तीच आजच्या मिस्त्रीनें अ‍ॅल्युमिनियमला द्यावी. पैसे मोजण्यापूर्वीं घरच्यांनीं त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे : फट किती ठेवणार, ती कशानें भरणार, आणि कोणता स्क्रू मोकळा सोडणार? या तिहींचीं उत्तरें त्यानें चटकन् दिलीं, तर काम त्याच्या हातीं निर्धास्तपणें सोंपवावें.