दारू सोडणाऱ्यासोबत कोण बसणार?



दिवाळीनंतर आमच्या पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांची मोजणी झाली. माझा काका पाड्यातला जाणता माणूस. एकसाली प्लॉट कुणाचा, बांध कुणी घातला, नागली कुठे आणि वरई कुठे व्हायची, सगळं त्याला तोंडपाठ. वनहक्काच्या नियमात अशा जाणत्या माणसाचा लेखी जबाब पुरावा धरतात. त्या दिवशी पाच घरांची भिस्त काकावर होती. आणि काका मोहाच्या झाडाखाली आडवा पडलेला. आदल्या रात्री त्याला कुणी फुकट पाजली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोजणीवाले काही थांबले नाहीत. जमीन कमी लागली.

मला फार राग आला. पिऊन सभेला येईल त्याला दंड, असा आपला ठराव आहे. काकाने तो तीनदा भरला, एकदा तर कोंबडं विकून. दारू सुटली नाही. आठ दिवसांनी तोच माझ्याकडे आला. "मना सोडायचीय रे. पण संध्याकाळी जाऊ कुठं? सगळे तिथंच बसतात."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्या संघटनेकडेही नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. आपण भट्ट्या फोडल्या, नवसागराचे डबे ओतले. ते बरोबरच होतं. पण दारू सोडणाऱ्याजवळ आपण कधी बसलो नाही.

दारूने आपली जमीन पहिल्यांदाच नेली असं नाही. इंग्रजांनी 1878 साली अबकारीचा कायदा केला. घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि ठेकेदाराच्या गुत्त्यावर उधारी सुरू झाली. उधारी फिटली नाही की जमीन जायची. मग 1922 साली देवीची चळवळ आली. ठाणे जिल्ह्यापासून सुरत जिल्ह्यापर्यंत आपल्या लोकांनी दारू सोडली. एकेकट्याने नाही, गावच्या गावं एकत्र बसली. पुढे पुष्कळ गावांत ती परत सुरू झाली, हेही खरं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणून दारू सोडलेल्यांची एक संगत आहे, लोक तिला एए म्हणतात. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी ती सुरू केली. त्यातला एक डॉक्टर होता, तोही पिणारा! पिणाऱ्याचं दुखणं पिणाऱ्यालाच कळतं, एवढीच त्यातली युक्ती. फी नाही, जात नाही, पक्ष नाही. सोडायची इच्छा पाहिजे, बस. तिथलं बोलणं बाहेर सांगायचं नाही. मुंबईकडच्या रेल्वेलाईनवर त्यांच्या सभा मराठीतही होतात. मी काकाला घेऊन गेलो. एका शाळेची खोली, चहा, पंधरा-वीस माणसं. एक रिक्षावाला बोलला, एक कारकून बोलला. जन्मभर पिणार नाही अशी शपथ कुणी घेत नव्हतं. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. काका दोन वेळा गप्प बसला. तिसऱ्या वेळी बोलला, आणि रडला.

पण दर आठवड्याला एसटी आणि रेल्वेचं भाडं कुठून आणणार? म्हणून आम्ही पाड्यावरच बसायला लागलो. आधी तिघं, आता सात जण. तुमच्याकडे कुणी दारू सोडलेला असेल तर आधी त्याला गाठा, भाषण करणाऱ्याला नंतर. असा कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला विचारा, जवळची सभा ते सांगू शकतात. पुण्याला मुक्तांगण आहे, 1986 पासूनचं. तिथे भरती करून उपचार करतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. जो रोज सकाळपासून पितो त्याची दारू एका दिवसात तोडू नका, कोंडून तर अजिबात ठेवू नका. हात कापतात, घाम सुटतो, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नाही ते दिसायला लागतं. याने माणूस मरतो. भूत लागलं म्हणून भगताकडे घेऊन बसू नका, तडक दवाखान्यात न्या. भगताला नंतर भेटा, माझी ना नाही.

देवाचं काय, असं म्हातारी माणसं विचारतात. देवाला धार घालायची तर घाला. धार घालणाऱ्याने प्यायलाच पाहिजे असं हिरव्याने कधी सांगितलं?

काकी म्हणाली, "त्याला सभेला नेता. मी इतकी वर्षं मार खाल्ला, मला कोण नेणार?" तिचं खरं आहे. एएच्या जोडीला घरच्यांच्या वेगळ्या बैठका असतात, आपल्याकडे अजून एकही नाही. बायांनी ठरवलं तर जागा आणि दिवस त्यांचा, आम्ही पुरुष तिथे येणार नाही.

काका मध्ये एकदा लग्नात घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बैठकीत सांगितलं. दंड घेतला नाही. पाच घरांच्या फेरमोजणीचा अर्ज ग्रामसभेने दिला आहे, सोबत काकाचा जबाब आहे, शुद्धीत दिलेला.

होळी जवळ आली, मोहही पडायला लागेल. आमची बैठक दर गुरुवारी बाजार उठल्यावर शाळेच्या ओट्यावर असते. होळीच्या दिवशीही असेल. दुसऱ्या पाड्याचे आले तरी चालेल, पिऊन आलेलाही चालेल, फक्त गप्प बसावं. साखर आमची, चहाची पत्ती ज्याने त्याने आणावी.