पेन्सिल सेललाही परतीचा भाव हवा



रिमोटमधले, भिंतीवरच्या घड्याळातले, नातवाच्या खेळण्यांतले संपलेले सेल मी वर्षभर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवले. परवा डबा उघडला, तर काही सेलच्या टोकांना पांढरी खरखरीत पूड चढलेली आणि जुन्या मोबाइलची बॅटरी टम्म फुगलेली. ती बाजूला काढली आणि बाकीचा डबा घेऊन घंटागाडीपाशी गेले. गाडीवरच्या मावशी म्हणाल्या, "काकू, तुम्ही वेगळं दिलंत, पण मी ठेवू कुठं? ओला आणि सुका, खण दोनच." त्यांच्या हातात मोजेही नव्हते. मी डबा परत आणला.

घातक कचरा वेगळा द्या, अशी पाटी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. पण तो घ्यायचा कुणी? घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र हवे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनीच स्थानिक संस्थांना सांगितले होते. केंद्रे जरूर व्हावीत. मात्र दोन सेल टाकायला रिक्षा करून तिथवर कोण जाईल?

इन्व्हर्टरची बॅटरी कधी उकिरड्यावर दिसते का? शिशाला भाव आहे, म्हणून दुकानदार जुनी मागून घेतो आणि बिलातून पैसे वजा करतो. पेन्सिल सेलमधल्या जस्ताला भंगारवाला विचारत नाही. तो भाव आपणच निर्माण करायला हवा. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी लहान सेलही परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्यासाठी अनामत रकमेची योजना राबवण्याची मुभाही दिली आहे. मग सेलमागे दोन रुपये अनामत घ्या आणि जिथे सेल विकला जातो त्याच किराणा दुकानात जुना घेऊन ती परत करा. नवा माल घेऊन येणारी गाडी जुने सेल उचलून नेईल. महागाईची तक्रार होईल, पण काचेच्या सोड्याच्या बाटल्या आपण याच रीतीने वर्षानुवर्षे परत केल्या आहेत.

लिथियमच्या बाबतीत तर थांबायला वेळच नाही. अशी बॅटरी कचरा दाबणाऱ्या गाडीत चेपली की पेट घेऊ शकते. बटण सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजते. उलटी करवत न बसता थेट रुग्णालय गाठावे. म्हणून या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. फुगलेली बॅटरी टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये.

आमची फुगलेली बॅटरी मी घराबाहेर कोरड्या वाळूच्या कुंडीत ठेवली आहे. श्रीखंडाचा डबा माळ्यावर आहे. मावशींच्या उघड्या हातात तो मी देणार नाही. तो कुठे द्यायचा, एवढा पत्ता महापालिकेने कळवावा किंवा सेल बनवणाऱ्या कंपनीने सेलच्या पाकिटावर छापावा.

आपली,
एक वाचक